खापराखालचा विस्तव

(आकाशवाणीवरून झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

मुक्ताईनगरला येणारा वारकरी मांड्यांची गोष्ट ऐकूनच आलेला असतो. खापर मिळालं नाही तेव्हा ज्ञानदेवांनी योगबळानं आपली पाठ तापवली आणि मुक्ताईनं तिच्यावर मांडे भाजले, ती गोष्ट. आमच्या खानदेशात पुरणाचे मांडे आजही उपड्या खापरावर भाजतात. खापर तापलं की नाही, हे माझी आजी त्याच्याकडे बघून कधी ठरवत नसे. विस्तव आत, वर नुसतं काळं, गप्प खापर. ती पाण्याचा हबका मारायची. चर्र आवाज झाला तर मांडा टाकायचा, नाही झाला तर आणखी काटक्या सारायच्या.

आज मी बोलणार आहे ते अशाच एका खापराबद्दल. मुक्ताईनगर, म्हणजे जुनं एदलाबाद, जिथे वसलं आहे तिथे वर काळी जमीन आहे, केळीच्या बागा आहेत, तापी-पूर्णेनं आणून टाकलेला गाळ आहे. गाळाखाली काळा पाषाण. त्या पाषाणाच्या भेगांमधून पृथ्वीच्या पोटातली उष्णता माणसाच्या हाताला लागेल एवढी वर आली आहे का? आली असेल तर वर तिची खूण का दिसत नाही? या शोधाची गोष्ट दीडशे वर्षांची आहे. तिच्यात उत्साह पुष्कळ आहे आणि घाईनं काढलेले निष्कर्षही आहेत.

तापीचं नावच तापावरून आलेलं. पुराणात ती सूर्याची मुलगी. नकाशा समोर घेतला तर आणखी एक गोष्ट लक्षात येते. गोदावरी, भीमा, कृष्णा या आपल्या मोठ्या नद्या पूर्वेकडे जातात, पण तापी आणि नर्मदा उलट, पश्चिमेला. दोघी जवळजवळ सरळ रेषेत, समांतर वाहतात आणि मध्ये सातपुडा उभा. नदीला इतकं सरळ जायची सवय नसते. ती सरळ जाते तेव्हा खाली कुणीतरी वाट आखून ठेवलेली असते. इथे ती वाट आखली आहे भूकवचातल्या फार जुन्या भेगांनी. शोण, नर्मदा आणि तापी या तिन्ही खोऱ्यांखालून जाणाऱ्या या भेगाळ पट्ट्याला भूवैज्ञानिक तिन्ही नद्यांची आद्याक्षरं जोडून ‘सोनाटा’ म्हणतात. त्यातल्या काही भागाला खचदरी म्हणायचं की नाही, यावर त्यांच्यात वाद आहेत. पण जमीन इथे फाटलेली आहे आणि काही तुकडे खाली बसलेले आहेत, याबद्दल वाद नाही.

फाटलेल्या जमिनीतून पाणी खोल जातं, तापतं आणि दुसऱ्या भेगेतून वर येतं. खानदेशाला हे ठाऊक होतं, फक्त त्याची भाषा वेगळी होती. चोपडा तालुक्यात अडावदच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याशी उनपदेव आहे. गोमुखातून बारा महिने गरम पाणी पडतं. शरभंग ऋषींना त्वचेचा रोग झाला, तेव्हा श्रीरामानं बाण मारून हा झरा काढला, अशी कथा सांगतात. जवळच सुनपदेव आणि नाझरदेव. तिकडे शहादा तालुक्यातही एक उनपदेव आहे. ‘उन’ म्हणजे गरम, हे आपल्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. कोकणात उन्हवरे आहे, पालीजवळ उन्हेरे आहे. आणि याच शोण-नर्मदा पट्ट्यात पार पूर्वेला, छत्तीसगडात, तातापानी आहे. कोणत्याही खात्यानं नकाशा काढण्याच्या कितीतरी आधी लोकांनी गावांच्या नावांत ही नोंद करून ठेवली होती.

कागदावरची नोंद एकोणिसाव्या शतकात सुरू झाली. 1860च्या दशकात श्लागिन्टवाइट या जर्मन प्रवासी शास्त्रज्ञानं हिंदुस्थानातल्या 99 उष्ण झऱ्यांची यादी छापली. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे पहिले प्रमुख टॉमस ओल्डहॅम यांनी अशीच टिपणं जमवली होती. त्यांच्या मृत्यूनंतर त्यांचे चिरंजीव आर. डी. ओल्डहॅम यांनी ती 1882 साली प्रसिद्ध केली. त्या यादीत सुमारे 300 झरे आहेत. दोन वर्षं आधी, 1880 साली, कॅम्पबेल साहेबांच्या संपादनाखाली खानदेशाचं गॅझेटियर निघालं. चोपड्याच्या या तीन झऱ्यांना त्यातही जागा मिळाली. या मंडळींना विजेशी काही कर्तव्य नव्हतं. पाणी किती गरम, वास कसा, रोग्यांना उतार पडतो का, एवढंच ते लिहीत. तरी त्या याद्यांचं मोल मोठं आहे. आज एखाद्या झऱ्याचं तापमान घटलं की वाढलं, हे बघायला तीच जुनी नोंद उपयोगी पडते.

वीज आली ती इटलीत. 4 जुलै 1904 रोजी लार्देरेल्लो इथे प्रिन्स पिएरो जिनोरी कोंती यांनी जमिनीतून येणाऱ्या वाफेवर छोटं यंत्र फिरवून पाच दिवे पेटवले. तिथेच 1913 साली 250 किलोवॅटचं केंद्र सुरू झालं. न्यूझीलंडनं वैराकेई इथे 1958 साली हेच काम मोठ्या प्रमाणावर केलं. केनियानं आपल्या खचदरीत, ओल्कारियाला, 1981 साली पहिलं केंद्र उभारलं. हा शेवटचा दाखला आपल्या लोकांना फार आवडतो. खचदरी तिथेही, खचदरी इथेही, मग वीज तिथेच का? इथे जरा थांबायला हवं. केनियाची खचदरी आजही रुंदावते आहे. तिथे भूकवच ताणून पातळ झालं आहे आणि शिलारस फार खोल नाही. तापीची भेग म्हातारी आहे. ती आज रुंदावत नाही, उलट उत्तरेकडे सरकणाऱ्या भारतीय उपखंडाच्या दाबाखाली आवळली जाते आहे. तिच्यातून येणारी उष्णता शिलारसाची नाही. खोल उतरून तापलेल्या आणि भेगांमधून परत आलेल्या पाण्याची ती आहे.

‘पण आपला सगळा दख्खन तर ज्वालामुखीच्या दगडाचा,’ असं कुणीतरी विचारतंच. खरं आहे. पण तो लाव्हा वाहिला सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी. त्याची धग केव्हाच विझली. 1993च्या किल्लारी भूकंपानंतर हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेनं तिथे 617 मीटर खोल विंधन छिद्र घेतलं. 338 मीटरवर बेसाल्ट संपला आणि खाली फार जुना ग्रॅनाइट जातीचा खडक लागला. त्या छिद्रात मोजलेला उष्णतेचा ओघ दर चौरस मीटरला 43 मिलिवॅटच्या आसपास निघाला. जगातल्या खंडांची सरासरी याहून बरीच जास्त, 65 मिलिवॅटच्या घरात आहे. म्हणजे दख्खनचा पाषाण नुसता ज्वालामुखीचा आहे म्हणून गरम नाही. राखेत निखारा असेलच असं नाही.

पण किल्लारी तापीवर नाही. तापी-नर्मदेचा पट्टा वेगळा असू शकतो, आणि तिथूनच या गोष्टीचं आपल्या भागातलं प्रकरण सुरू होतं.

1960च्या दशकात केंद्र सरकारनं उष्ण झऱ्यांसाठी समिती नेमली. तिचा अहवाल 1968 साली आला. 1973 साली अरब-इस्रायल युद्ध झालं, तेलाचे भाव भडकले आणि झऱ्यांकडे बघण्याची नजर एकदम बदलली. त्याच वर्षी लडाखमधल्या पुगा खोऱ्यात छिद्रं घ्यायला सुरुवात झाली. पुढे तिथे 34 छिद्रं झाली, सर्वांत खोल 385 मीटर, आणि 140 अंश सेल्सियसपर्यंत तापमान मिळालं. हिमाचलात मणिकरणला गरम पाण्यावर चालणारं लहान शीतगृह आणि 5 किलोवॅटचा प्रायोगिक संच उभा राहिला. कोकणच्या झऱ्यांचाही त्याच काळात अभ्यास झाला. आणि सोनाटा पट्ट्यात, तातापानीला, भूवैज्ञानिक सर्वेक्षणानं छिद्रं घेतली, तेव्हा 110 अंशांच्या आसपास तापमान आढळलं. हिमालयापासून इतक्या दूर, जुन्या, शांत समजल्या जाणाऱ्या भूभागात उकळत्या पाण्याच्या वरचा आकडा! तातापानीमुळे सगळ्या पट्ट्याचा भाव वधारला. पट्ट्याचं एक टोक इतकं तापलेलं असेल तर मधलं आणि पश्चिमेचं काय?

पण तातापानीला पाणी वर येतं, म्हणून छिद्र कुठे घ्यायचं ते कळलं. उनपदेवलाही तेच. मुक्ताईनगरला तसं काही नाही. उत्तरेला सातपुड्याच्या पायथ्याशी भेग उघडी आहे, तिथे पाण्याला वर यायला वाट मिळते. दक्षिणेला खोऱ्यात आलं की तीच भेग नदीच्या गाळाखाली गाडली जाते. तापी आणि पूर्णेच्या खोऱ्यात हा गाळ काही ठिकाणी 300 मीटरहून जाड आहे. खालून गरम पाणी आलंच तर ते गाळाच्या वाळूत पसरतं, वरून मुरलेल्या थंड पाण्यात मिसळतं आणि वर पोचेपर्यंत त्याची ओळख पुसली जाते. रावेर-यावलच्या पायथ्याचा दगडगोट्यांचा पट्टा तर पावसाचं पाणी गटागटा पिणारा. त्यामुळे झरा दिसत नाही, याचा अर्थ खाली काही नाही असा होत नाही. तसाच काही आहे असाही होत नाही.

हे नुसतं तर्कट नाही. अमेरिकेतल्या नेवाडा राज्यात, फाटलेल्या आणि गाळानं भरलेल्या अशाच दऱ्यांमध्ये, डेझर्ट पीक नावाच्या जागी ना झरा होता ना वाफ. 1970च्या दशकात तिथे लहान छिद्रं घेऊन दर काही मीटरला तापमान किती वाढतं हे मोजलं, त्यातून खालचा साठा सापडला आणि 1985 साली वीज सुरू झाली. तेव्हापासून ‘लपलेल्या’ साठ्यांचा शोध ही एक स्वतंत्र विद्याच झाली. तिचा एक आडाखा असा: भेग एकटी आणि सरळ असेल तर फारसं हाती लागत नाही. दोन भेगा जिथे मिळतात, तुटतात किंवा एक संपून दुसरी सुरू होते, तिथे खडक जास्त भरडलेला असतो आणि पाण्याला वाट मिळते. आता नकाशा बघा. बऱ्हाणपूरच्या खिंडीतून तापी येते, वऱ्हाडातून गाविलगडच्या पायथ्याच्या भेगेला सोबत घेऊन पूर्णा येते, आणि दोघी चांगदेवला भेटतात. दोन खोऱ्यांचा सांधा मुक्ताईनगरच्या दारात आहे.

म्हणूनच शास्त्रज्ञ इथे आले. 1980च्या दशकात राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेच्या के. एल. कैला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नर्मदा-तापी ओलांडून काही लांब रेषा घेतल्या. त्यातली एक मध्य प्रदेशातल्या थुआदऱ्यापासून सेंधव्यावरून आपल्या जिल्ह्यातल्या शिंदाडपर्यंत येते. जमिनीत सुरुंग उडवायचे आणि त्याचा हादरा खालच्या थरांवरून परतून किती वेळात येतो हे यंत्रांनी टिपायचं, अशी ती पद्धत. पोत्यावर थाप मारून आत धान्य किती आहे ते ओळखावं तसं. त्यातून निघालं की काळ्या पाषाणाखाली, नर्मदा आणि तापी यांच्या दरम्यान, त्याहून जुन्या गाळाच्या खडकांचं एक झाकलेलं खोरं आहे. लाव्हा येण्यापूर्वीही इथे दरी होती, गाळ साचत होता. सच्छिद्र खडक खाली आणि घट्ट पाषाणाचं झाकण वर. पाणी साठवायला ही मांडणी वाईट नाही.

मग या शतकाच्या पहिल्या दशकात त्याच संस्थेच्या शास्त्रज्ञांची दुसरी पद्धत आली. सूर्याकडून येणाऱ्या कणांमुळे आणि दूरदूरच्या विजांच्या कडकडाटामुळे जमिनीत अतिशय मंद विद्युत्प्रवाह सतत फिरत असतात. ते मोजले की खालचा खडक विजेला वाट देतो की अडवतो, हे काही दहा किलोमीटर खोलपर्यंत कळतं. ही रेषा घेतली गेली एदलाबाद ते खंडवा. गावाचं नाव केव्हाच मुक्ताईनगर झालं होतं, पण शास्त्रीय निबंधांत ते अजून एदलाबादच आहे. सातपुड्याखाली, भूकवचात खोलवर, वीज सहज वाहू देणारे भाग त्या मोजणीत दिसले. कोरडा, घट्ट खडक असं वागत नाही. खोल भेगांमध्ये द्रव असावेत, असा त्याचा एक अर्थ लावला गेला. ही भेग अजून पूर्ण निजलेली नाही, हे भूकंपांनीही सांगितलं आहे. 14 मार्च 1938 रोजी सातपुड्यात मोठा भूकंप झाला, आणि 22 मे 1997 रोजी याच पट्ट्यावरच्या जबलपूरला. दोन्ही फार खोलवर झाले.

इथपर्यंत ऐकून कुणाचाही उत्साह वाढेल. माझाही वाढला होता. पण एक अडचण आहे, आणि ती खास आपल्याकडची आहे. गरम पाणी विजेला वाट देतं, तसंच खारं पाणीही देतं आणि चिकणमातीही देते. पूर्णेच्या खोऱ्यात वऱ्हाडचा खारपाणपट्टा आहे. तिथलं भूजल मुळातच खारट आहे. तेव्हा मुक्ताईनगरच्या पूर्वेला उथळ थरांत वीज वाहू देणारा पट्टा दिसला तर तो उष्णतेचा की मिठाचा, हे यंत्र सांगू शकत नाही. पाण्यातल्या सिलिकेवरून खालचं तापमान काढायची दुसरी रीत आहे. गरम पाणी दगडातली सिलिका जास्त विरघळवतं आणि वर येताना ती पटकन सोडत नाही, म्हणून पाणी जणू आपल्या तापाची आठवण बरोबर आणतं. पण बेसाल्टची झीज होतानाही पाण्यात सिलिका येते. म्हणजे तीही साक्ष एकटीनं धरता येत नाही.

भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या रवि शंकर यांनी 1988 साली भारताचा उष्णता-ओघाचा नकाशा मांडला. त्यात सोनाटा पट्टा चांगला तापलेला दिसतो. 1991 साली सर्वेक्षणानं देशाचा भूऔष्णिक नकाशासंग्रह काढला. हैदराबादच्या सुकांत रॉय आणि राव यांनी 2000 साली छिद्रांतल्या मोजण्या एकत्र करून जे चित्र मांडलं, त्यात दख्खनचा बहुतेक भाग थंडच निघतो. दोन्ही बाजूंना जाणकार माणसं आहेत. मला विचाराल तर या वादात कुणाची चूक दिसत नाही, छिद्रं कमी आहेत. झऱ्याच्या तोंडाशी मोजलं तर आकडा मोठा येणारच, आणि झऱ्यापासून लांब मोजलं तर लहान. तापीच्या गाळाखालच्या भेगेवर दोन्हींपैकी कोणता लागू पडतो, ते तिथे मोजल्याशिवाय कळणार नाही. तरीही भारतात भूऔष्णिक ऊर्जेची क्षमता 10,600 मेगावॅट आहे, हा आकडा वर्षानुवर्षं भाषणांत फिरतो आहे. झऱ्यांवरून बांधलेला तो अंदाज आहे, गोदामातला साठा नव्हे.

शेतकरी मित्रांसाठी एक हिशेब सांगतो. जमिनीत खाली जाताना साधारणपणे दर किलोमीटरला 25 ते 30 अंश तापमान वाढतं. खानदेशात वरच्या जमिनीचं वर्षभराचं सरासरी तापमान 27-28 अंश धरा. हजार फुटांच्या बोअरचं पाणी 35 अंशांच्या आसपास येणं हे साधं आहे. थंडीत पहाटे मोटर सुरू केली की त्यातून वाफ निघते आणि गावात बातमी पसरते. त्यात नवल काही नाही. पण त्याच खोलीवरून 45-50 अंशांचं पाणी लागलं, आणि शेजारच्या तेवढ्याच खोल बोअरचं पाणी साधं राहिलं, तर ती गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. तारीख, खोली, तापमान, एवढं वहीत लिहावं आणि जवळच्या भूजल कार्यालयाला कळवावं.

ऊर्जा निघालीच तर तिचं करायचं काय? मुक्ताईनगरपासून थोड्याच अंतरावर भुसावळजवळ दीपनगरचं केंद्र आहे. त्याला पाणी हतनूरचं आणि कोळसा वाघिणींनी बाहेरून येतो. शंभर-सव्वाशे अंशांच्या पाण्यावर दीपनगर चालणार नाही, तेवढ्यावर फार तर लहान संच चालतो. पण 70-80 अंशांच्या पाण्यावर शीतगृह चालू शकतं, हे मणिकरणला करून झालं आहे. केळीच्या मुलखात घड तोडल्यापासून बाजारात पोचेपर्यंत थंडाव्याची किंमत काय असते, हे मी सांगायची गरज नाही. मे महिन्यात 45 अंशांच्या उन्हात जमिनीखालच्या उष्णतेवर केळी थंड ठेवायची, ही कल्पना ऐकायला उलटी वाटते, पण शास्त्राला धरून आहे.

भीतीही खरी आहे. वैराकेईला केंद्र सुरू झाल्यावर शेजारच्या खोऱ्यातली नैसर्गिक कारंजी आटून गेली. उनपदेवचं गोमुख कोरडं पडलं तर चोपडा तालुका कुणाला माफ करणार नाही, आणि करूही नये. शिवाय खालून आलेलं पाणी खारं किंवा क्षारयुक्त निघालं आणि ते शेतात सोडलं, तर खारपाणपट्टा आणखी पश्चिमेला सरकवल्यासारखं होईल. वापरलेलं पाणी दुसऱ्या छिद्रातून परत खाली सोडणं, ही अट पहिल्या दिवसापासून हवी. आधीच दरवर्षी खोल जाणाऱ्या बोअरांच्या या पट्ट्यात पाण्याचा नवा वाटेकरी कुणालाच परवडणार नाही.

2021 साली तेल आणि नैसर्गिक वायू महामंडळानं पुग्यासाठी लडाख प्रशासनाशी करार केला. सप्टेंबर 2025 मध्ये केंद्र सरकारनं भूऔष्णिक ऊर्जेचं राष्ट्रीय धोरण जाहीर केलं. धोरण आलं की कंपन्या येतील, आणि त्या आधी जातील जिथे वाफ दिसते तिथे. गाळाखाली काय आहे ते बघायला फार मोठी यंत्रं लागत नाहीत. बंद पडलेली, कोरडी, खोल बोअर गावोगाव आहेत. पंप काढून ती महिनाभर शांत ठेवायची, मग तारेला बांधलेला तापमापक दर दहा मीटरला थांबवत तळापर्यंत सोडायचा. अशा वीस-पंचवीस बोअर रावेरपासून मुक्ताईनगरपर्यंत, भेगेला आडव्या, निवडायच्या. एका रेषेवर आकडा अचानक चढला तर खापर तिथे तापलेलं. महाविद्यालयातली दहा मुलं आणि एक जीप, एका उन्हाळ्याचं काम आहे.

मात्र वहीच्या पहिल्या पानावर गावाचं नाव दोन्ही प्रकारे लिहून ठेवावं, मुक्ताईनगर आणि एदलाबाद. नाहीतर हैदराबादचे जुने निबंध आणि ही नवी वही एकाच जागेबद्दल बोलतात, हे पन्नास वर्षांनी कुणाला कळणार नाही.